लाकडी घुमटघर : त्रिज्या ठरवण्यापासून पहिल्या पावसापर्यंत

घुमटाचं घर बांधायचं म्हणणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो "किती मोठं?" असा. मीही तोच विचारला होता. तेव्हा वखारीतल्या एका म्हाताऱ्या सुतारांनी उलट विचारलं, "प्लायचा शीट केवढा येतो?" पुढची सगळी आखणी त्या प्रश्नातून निघते.

हा लेख त्रिकोणांच्या घुमटाबद्दल आहे. इंग्रजीत याला जिओडेसिक म्हणतात आणि आपल्याकडचे कारागीरही आता तोच शब्द वापरतात. जर्मनीत येना इथे वॉल्टर बाउअर्सफेल्ड यांनी १९२०च्या दशकात तारांगणासाठी असा घुमट उभा केला. अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर यांनी त्याचं पेटंट १९५४ साली घेतलं आणि नाव गाजलं ते त्यांचंच. त्यांचं स्वतःचं लाकडी घुमटघर इलिनॉयमधल्या कार्बनडेल गावी १९६० साली ७ तासांत जोडून झालं. पुढे ते गळायला लागलं आणि वरून शिंगल्स (छपरावर एकमेकांवर चढवून ठोकायच्या चपट्या पट्ट्या) ठोकाव्या लागल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचंच आहे. आपल्या शेजारी अहमदाबादेत कॅलिको गिरणीच्या दुकानासाठी गौतम आणि गिरा साराभाई यांनी १९६२ साली असाच घुमट बांधला होता. गिरणी बंद पडल्यावर तो दुर्लक्षित राहिला आणि २००१च्या भूकंपानंतर ढासळला.

पहिल्याच खेपेला तीन खोल्यांचा घुमट काढू नका. शेतावर, बागेत, मुख्य घराशेजारी एक खोली बांधा. आकडे मी अशाच एका खोलीचे देतो.

आधी मोजणी : दोनच मापं, चाळीस त्रिकोण

गोल अनेक प्रकारे त्रिकोणांत कापता येतो. नवशिक्यासाठी सर्वांत सोपा प्रकार म्हणजे 'टू-व्ही'. अर्ध्या गोलात ६५ दांड्या, २६ गाठी (दांड्यांची टोकं जुळतात ते सांधे) आणि ४० त्रिकोण. दांड्यांची लांबी फक्त दोन प्रकारची. त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणू.

अ = त्रिज्या × ०.६१८०, नग ३५.
ब = त्रिज्या × ०.५४६५, नग ३०.

त्रिकोणही दोनच. तिन्ही बाजू 'अ' असलेले १०, आणि एक 'अ' व दोन 'ब' असलेले ३०. शाळेतली भूमिती विसरला असाल तरी चालेल, गुणाकार आला म्हणजे झालं. थ्री-व्ही, फोर-व्ही जास्त गोल दिसतात, पण मापं वाढतात, सांधे वाढतात आणि चुकाही वाढतात. पाच-साडेपाच मीटर व्यासापर्यंत टू-व्हीवर समाधान मानावं असं माझं मत आहे.

त्रिज्या शीटवरून काढा

बाजारात प्लाय मिळतो तो आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मि.मी. त्रिकोण या शीटच्या रुंदीत बसला नाही तर प्रत्येक त्रिकोणाला जोड द्यावा लागतो. जोड म्हणजे आणखी एक गळकी जागा. दहा फूट त्रिज्येचा घुमट कागदावर फार देखणा दिसतो, पण त्याचा लहानातला लहान त्रिकोणही साडेचार फूट उंच निघतो, चार फुटांच्या शीटमध्ये मावतच नाही.

'अ-अ-अ' त्रिकोणाची उंची त्रिज्येच्या ०.५३५ पट असते. ती १२२० मि.मी.च्या आत ठेवायची तर त्रिज्या २.२७ मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. मग २.२५ घेऊ या, असं वाटतं. मीही तेच घेतलं होतं आणि पाच शीट फुकट घालवले. का ते सांगतो.

'अ-ब-ब' त्रिकोण शीटवर मांडताना 'ब' बाजू शीटच्या लांबीला लावायची. एक सुलटा, एक उलटा, पुन्हा एक सुलटा. असे तीन त्रिकोण बसायला लांबी लागते दोन 'ब' इतकी. २.२५ मीटर त्रिज्येला दोन 'ब' म्हणजे २४५९ मि.मी., आणि शीट २४४०चा. १९ मि.मी.साठी तिसरा त्रिकोण हातचा जातो. तेच २.२० मीटर त्रिज्या घेतली की दोन 'ब' होतात २४०५, करवतीची जाडी धरूनही आरामात बसतात. शीटमागे तीन त्रिकोण, म्हणजे ३० त्रिकोणांना १० शीट. 'अ-अ-अ' शीटमागे दोनच बसतात, त्यांना ५. एकूण १५. माझ्या २.२५च्या मांडणीत २० लागले होते. पाच सेंटिमीटर त्रिज्येनं पाच शीट खाल्ले.

पण इथे एक खाच आहे. ही २.२० मीटर त्रिज्या लाकडाच्या बाहेरच्या अंगाची, कारण प्लाय बाहेरून बसतो. दांड्या ४ इंच, म्हणजे १०० मि.मी. खोलीच्या असतील तर त्यांच्या मध्यरेषेची त्रिज्या २.१५ मीटर होते. दांड्या या दुसऱ्या आकड्यावरून कापायच्या आणि प्लाय पहिल्या आकड्यावरून. दोन्हींसाठी एकच आकडा वापरला की प्लाय सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर तोकडा पडतो.

म्हणजे आपली मापं अशी :
प्लायसाठी अ १३६० मि.मी., ब १२०२ मि.मी.
दांड्यांसाठी, गाठीच्या मध्यापासून मध्यापर्यंत, अ १३२९ मि.मी., ब ११७५ मि.मी.

आतली जमीन सुमारे १४ चौरस मीटर, दीडशे चौरस फुटांच्या आसपास. प्लायचा सुमारे एक तृतीयांश भाग तुकड्यांत जातो. त्याचं काय करायचं ते दाराच्या भागात येईल.

पुठ्ठ्याचा घुमट

ही पायरी गाळू नका. जाड पुठ्ठ्यातून १३.६ सें.मी. बाजूचे १० त्रिकोण आणि १३.६-१२-१२चे ३० त्रिकोण कापा, चिकटपट्टीनं जोडा. एका संध्याकाळचं काम आहे, घरातल्या पोरांना घेऊन बसा. पाच त्रिकोण मिळतात ती टोकं आणि सहा मिळतात ती टोकं यांतला फरक हाताला कळतो. दार कुठे, खिडकी कुठे, पश्चिमेचा पाऊस कोणत्या त्रिकोणावर आपटणार, हे मॉडेल जागेवर नेऊन फिरवून बघा. बांधकाम परवानगीसाठी ग्रामपंचायतीत जाताना आणि इंजिनिअरला दाखवतानाही हेच मॉडेल कामी येतं, कारण नकाशावरून घुमट कुणालाच कळत नाही.

लाकूड

कापून भरणाऱ्या दांड्या साधारण ७४ मीटर होतात. २ बाय ४ इंचाच्या लाकडात हे सुमारे १३ घनफूट. लाकडातल्या गाठी, चिरा, वाकडे तुकडे बाजूला काढावे लागतात म्हणून १६ घनफूट सांगा.

सागवान उत्तम, पण किंमत बघून पोटात गोळा येतो. जुन्या वाड्याचं, कौलारू घराचं उतरवलेलं सागवान मिळालं तर डोळे झाकून घ्या. पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड आता फिरणार नाही. फक्त खिळे शोधून काढा, नाहीतर करवतीची पाती जाते. कोकणात ऐन आणि किंजळ मिळतं. दोन्ही जड, पण टिकाऊ. आयात केलेला पाइन सरळ आणि हलका असतो, मात्र वाळवीला आमंत्रण. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवल्याशिवाय वापरू नका. निलगिरी स्वस्त म्हणून घेऊ नका, ती वाळताना पिळवटते आणि घुमटात पिळलेल्या दांडीला जागा नसते.

ओलं लाकूड अजिबात नको. सावलीत, हवा खेळेल असं थर लावून ठेवा आणि ओलावा मोजायच्या छोट्या मीटरवर १५ टक्क्यांच्या आत आकडा आला की मगच करवत लावा. मे महिन्यात कापलेलं आणि जुलैत जोडलेलं एकसारखं नसतं, हेही ध्यानात असू द्या. प्लाय मात्र मरीनच घ्या, आयएस ७१० शिक्क्याचा, १२ मि.मी. जाडीचा.

कापणी

प्रत्येक दांडीचं टोक तिरकं कापायचं. काटकोनापासून 'अ'ला १८ अंश, 'ब'ला १६ अंश (नेमका आकडा १५.९). दोन्ही टोकांचे तिरके काप एकमेकांकडे झुकलेले, म्हणजे दांडीचं बाहेरचं अंग लांब आणि आतलं आखूड.

गाठीसाठी ४ इंची लोखंडी पाइप वापरणार असाल तर त्याची जाडी दांडीतून वजा करायची. पाइपचा बाहेरचा व्यास ११४ मि.मी. तिरकेपणा आणि वेल्डसाठी थोडी सूट धरून मध्यरेषेवर 'अ' दांडी १२०५ मि.मी. आणि 'ब' १०५२ मि.मी. भरते. ही वजाबाकी विसरून सगळ्या दांड्या कापून बसलेला माणूस मी जवळून पाहिला आहे, आरशात.

करवतीला एक ठोकळा ठोकून ठेवा आणि सगळ्या 'अ' एका दमात कापा. मोजपट्टीनं प्रत्येक दांडी वेगळी मोजायची नाही. कारण असं की, सगळ्या दांड्या सारख्याच दोन मि.मी. लहान झाल्या तर घुमट किंचित लहान होतो, बस्स. पण एक दोन मि.मी. मोठी आणि दुसरी तीन मि.मी. लहान झाली की शेवटच्या गाठीला सगळी चूक एकत्र येऊन उभी राहते. कापलेल्या टोकांना 'अ'साठी गेरू आणि 'ब'साठी चुना लावून ठेवा. उभारणीच्या दिवशी सात माणसं सात दिशांनी दांड्या मागत असतात.

दांडीच्या बाहेरच्या अंगाला रंध्यानं दोन्हीकडे उतार द्यायचा, 'अ'ला ९ अंश आणि 'ब'ला ११ अंश, म्हणजे दोन्ही बाजूंचे प्लाय नीट टेकतात. प्लायच्या कडा मात्र सरळच ठेवा. मग दोन शीटांमध्ये वरच्या बाजूला आपोआप ४ ते ५ मि.मी.ची व्हीच्या आकाराची खाच राहते आणि सीलंट भरायला तीच हवी असते.

गाठी

पाइपचे १०० मि.मी. लांबीचे तुकडे आणि त्यांवर वेल्ड केलेल्या ६ मि.मी. जाडीच्या उभ्या पट्ट्या. दांडीच्या टोकाला मधोमध करवतीनं फट पाडायची, पट्टी त्यात सरकवायची, आरपार दोन बोल्ट. पट्टीवरची बोल्टची भोकं १८ किंवा १६ अंशांच्या उतारावर पाडली की दांडी आपोआप योग्य झुकावात बसते.

इथे निसर्गानं आपल्यावर एक मेहेरबानी केली आहे. ११४ मि.मी. व्यासाच्या पाइपचा घेर जवळजवळ ३६० मि.मी. भरतो. म्हणजे घेरावर एक मि.मी. म्हणजे एक अंश! कोनमापक शोधायला नको, कागदाची पट्टी गुंडाळून खुणा करा. पाच दांड्यांच्या गाठीला दर ७२ मि.मी.वर खूण. सहा दांड्यांच्या गाठीला सगळीकडे ६० असेल असं वाटतं, पण तसं नाही. तिथे क्रम असा : ब, ५८, अ, ६३, अ, ५८, ब, ५८, अ, ६३, अ, ५८. नेमके आकडे ५८.३ आणि ६३.४ आहेत. फॅब्रिकेशनवाल्याला हे तोंडी सांगून येऊ नका. खुणा केलेला पाइपचा एक नमुना हातात द्या, नाहीतर तो सरळ सहा समान भाग करून देईल आणि वर "बरोबर केलंय की साहेब" म्हणेल.

पाच दांड्यांच्या गाठी ६, सहाच्या १०, तळाच्या चार दांड्यांच्या १०. तळाच्या गाठींत पाच डाव्या आणि पाच उजव्या असतात, एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब. त्यांचा पाइप आडवा, खोलीच्या मध्याकडे तोंड करून बसतो. सगळ्या गाठींना रेड ऑक्साइड आणि वर दोन हात रंग द्या, समुद्राजवळ असाल तर गॅल्व्हनाइज करून घ्या.

जोतं आणि उभी भिंत

अर्धगोल थेट जमिनीवर ठेवला तर १.८ मीटर उंचीच्या माणसाला मध्यापासून जेमतेम एक मीटरपर्यंत ताठ उभं राहता येतं, पुढे मान वाकवायची. खाली ७५ सें.मी.ची उभी भिंत दिली की तेच अंतर पावणेदोन मीटर होतं. म्हणून भिंत द्याच. कोकणात जांभ्याचे चिरे, घाटावर वीट किंवा दगड.

आखणी सोपी. मध्ये खुंटी, २.१५ मीटरची न ताणणारी तार, वर्तुळावर १३२९ मि.मी.च्या दहा खुणा. समोरासमोरच्या खुणांमधलं अंतर ४.३० मीटर आलंच पाहिजे, पाचही कर्णांवर तपासा. पाणसळ लावून भिंतीची वरची पातळी एकसारखी करा.

घुमट स्वतःच्या वजनानं पाय फाकवू बघतो. त्यासाठी भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा घाला आणि दहाही गाठींखाली त्यात बोल्ट पुरा. दाराशी पट्टा तुटतो, तिथे खांबांतून तो जोत्याच्या पट्ट्याला बांधा. बोल्टचं दुसरं काम वाऱ्याविरुद्ध आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत किती छपरं उडाली ते आठवा. घुमट वाऱ्याला चांगला तोंड देतो, पण तो हलका आहे, आणि हलकी वस्तू उचलली जाते. बोल्टचा व्यास आणि पट्ट्यातली सळई इंजिनिअरकडून ठरवून घ्या. इथे अंदाज नको.

उभारणी

खालून वर जा. तळाच्या दहा 'अ' दांड्या. मग त्यांवर वीस दांड्या, दहा 'अ' आणि दहा 'ब', एकाआड एक मोठे-लहान त्रिकोण. त्यांची टोकं जोडणाऱ्या दहा 'ब'. मग वर पंधरा : दहा 'अ', पाच 'ब'. मग पाच 'अ'चं कडं, आणि शेवटी माथ्याच्या पाच 'ब'. माथा जमिनीपासून तीन मीटरच्या आत येतो, दोन घोड्या आणि एक फळी पुरते, परांचीची गरज नाही.

माथ्याची गाठ बसेपर्यंत एकही बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. दुसऱ्या थरापर्यंत सांगाडा डुलत राहील, टेकू द्या, घाबरू नका. शेवटची दांडी बसली की तोच सांगाडा खाडकन ताठ होतो. तो क्षण बघायला शेजारीपाजारी जमतात. मग खालून वर एकेक बोल्ट आवळा आणि चाळीसही त्रिकोण नजरेनं तपासा.

दार

नवशिके इथे दांड्या कापतात आणि घुमट कमजोर करतात. त्यापेक्षा खालच्या थरातली पाच दांड्यांची एक अख्खी गाठ तिच्या पाच 'ब' दांड्यांसकट बसवूच नका. तिथे 'अ' दांड्यांचा नेटका पंचकोन उरतो, तळाच्या दांडीपासून १.८ मीटर उंच. त्याच्या वरच्या चार दांड्या दुहेरी करा. तळाची दांडी दारासाठी काढावी लागते, म्हणून चौकटीचे खांब जोत्यात घट्ट पुरा. पंचकोन आत झुकलेला, दार मात्र उभं हवं. त्यामुळे दाराच्या माथ्याशी सुमारे ६० सें.मी. खोलीची छोटी देवडी तयार होते. तिच्या बाजू आणि छप्पर उरलेल्या प्लायमधून निघतात. आयती चपला काढायला जागा झाली.

खिडक्या मधल्या थरातल्या 'अ-अ-अ' त्रिकोणांत ठेवा, साधारण समोरासमोर दोन. माथ्यावर काचेचा झरोका ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. आपल्या पावसात तो ठेवू नका. गरम हवा वर साठते हे खरं, त्यासाठी माथ्याजवळच्या एका त्रिकोणात टोपीवाला व्हेंट आणि उभ्या भिंतीत खाली दोन झडपा पुरतात.

पाणी

आता कार्बनडेलची गोष्ट. आपल्या छोट्या घुमटातही प्लायचे सांधे ७० मीटर भरतात, आणि लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं. नुसत्या सीलंटवर भरवसा ठेवला की दुसऱ्या पावसाळ्यात बादल्या मांडाव्या लागतात. तीन थर द्या. खाचेत पॉलियुरेथेन सीलंट. त्यावर संपूर्ण घुमटाला स्वतः चिकटणारं डांबरी मेंब्रेन (पाणी अडवणारी चादर), खालून वर, वरचा पट्टा खालच्यावर दहा सें.मी. चढलेला. त्यावर शिंगल्स. माथ्याच्या पाच त्रिकोणांचा उतार फक्त १९ अंश आहे, शिंगल्सना हा उतार काठावरचाच, म्हणून तिथे मेंब्रेन दुहेरी टाका.

दुसरी गोष्ट परदेशी नकाशांत सापडत नाही. आपल्या घरांना वळचण असते, पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडतात. घुमटाला वळचण नाही. सगळं पाणी अंगावरून ओघळत थेट उभ्या भिंतीवर येतं, आणि कोकणात बऱ्याच ठिकाणी वर्षाला ३००० मि.मी.हून जास्त पाऊस पडतो. घुमट आणि भिंत यांच्या सांध्यावर पत्र्याची सलग पट्टी द्या, भिंतीच्या १५ सें.मी. पुढे येणारी, टोकाला खाली दुमडलेली. मेंब्रेन या पट्टीवर चढलं पाहिजे, पट्टीखाली जाता कामा नये. जोत्याभोवती दगडी फरसबंदी आणि चर काढा.

शिंगल्स चढवण्याआधी मेंब्रेनवर पाइपनं अर्धा तास पाणी मारा, आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा. आतून अस्तर लावायची घाई करू नका. पहिला पावसाळा आतला प्लाय उघडाच ठेवून काढा, प्रत्येक ओला डाग खडूनं गोल करून तारीख लिहा. माझ्याकडे पहिल्या वर्षी चार गोल निघाले. तीन देवडीच्या सांध्याला होते, चौथा व्हेंटच्या टोपीखाली.